विषयशिक्षकांची सही

बाबा आमटीला फोडणी देत होते, तिथेच ओट्यावर सानिकाने दहावी बोर्डाच्या गणिताच्या पेपरची झेरॉक्स ठेवली. "फेरतपासणीला पाठवायचा, तर 'मार्क वाढायला हवेत' असं विषयशिक्षकांनी लिहून सही करावी लागते. दे ना, बाबा. तीन मार्कांनी कॉलेज हुकतंय."

विषयशिक्षक म्हणजे शेवाळे सर, तिचे बाबाच. "शाळेत मी सर, घरी बाबा," असं त्यांनी तिला पाचवीतच बजावलं होतं. तिची आई गेल्यापासून घरात 'बाबा' ही एकच हाक उरली होती.

गॅस बंद करून त्यांनी एकेक उत्तर वाचलं. परीक्षकाची चूक सापडावी म्हणून प्रत्येक ओळ दोनदा तपासली. सापडली ती लेकीचीच. जे सिद्ध करायचं, तेच तिने पहिल्या ओळीत गृहीत धरलं होतं.

"मार्क बरोबर आहेत, बाळा. खोटं कसं लिहू?"

सानिका झेरॉक्स उचलून खोलीत गेली.

दोन ताटं वाढून त्यांनी हाक मारली, "सानू, चल, आमटी निवतेय."

दाराआडून वर्गातला तो अदबीचा आवाज आला, "तुम्ही जेवून घ्या, सर."