खंडेनवमीचं मागणं

"हा पाटावर ठेवायचा नाय," अर्पिता म्हणाली आणि तिने स्क्रू ड्रायव्हर उचलून बाजूला टाकला.

धनेशने, तिच्या नवऱ्याने, तो परत पाटावर ठेवला. खंडेनवमी होती. घणसोली गावातल्या त्या घरात देव्हाऱ्यासमोर त्याची सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडली होती. पक्कड, टेस्टर, कटर आणि मधोमध तो. त्याची मूठ फुटली होती. फुटीवर काळी टेप होती आणि टेपवर आणखी टेप. टोक झिजून गोल झालं होतं. तरी त्यालाही हळदकुंकू लागलं होतं.

"मागच्या आठवड्यात ह्यानेच भुवई जाळली ना तुमची?"

ते खरं होतं. धनेश इलेक्ट्रिशियन होता. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चालू पॅनेलमध्ये काम करताना टोक स्क्रूच्या खाचेतून सटकलं आणि नको तिथे टेकलं. जाळ झाला. भुवई गेली, डोळा वाचला. दसरा झाला की त्याच पॅनेलवर पुन्हा काम होतं.

"मेलो काय मी?" धनेश म्हणाला. "हाताला बसलाय तो. दुसऱ्याने काम होत नाय."

"दुसरा हातात घेतलाय कधी? पाकीट फोडलं नाय अजून."

अर्पिता तुर्भ्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायची. तिने त्याच्यासाठी चांगला सेट आणला होता. चपटे, स्टार, बारीक, जाड, सगळ्यांच्या दांड्यावर टोकापर्यंत इन्सुलेशन. सोबत नट ड्रायव्हरही होते, कारण धनेश नट पक्कडीने फिरवायचा आणि त्यांचे कोपरे गोल करून ठेवायचा. पाकीट गणपतीपासून कपाटावर पडून होतं.

"आई, तुमी तरी सांगा ह्यांना."

कमळी, धनेशची आई, निरांजनात तूप घालत होती. "माझं कोन ऐकतंय? सणाचं भांडू नका. आरती घ्या."

गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. आरती सुरू झाली आणि दुसऱ्या कडव्याला कमळीचे खांदे हलू लागले. अंबाडा सुटला. टाळ्या थांबल्या नाहीत, उलट वाढल्या. दर नवरात्रात कमळीच्या अंगात यायचं. एरवी अष्टमीला यायचं, या वर्षी अष्टमी कोरडी गेली होती.

"काय देशील मला?" आवाज घोगरा होता.

धनेशने गुडघे टेकले. "नारळ हाय, आई. खन हाय."

"नारळ नको. त्यो दे." बोट पाटाच्या मधोमध रोखलेलं होतं.

"स्क्रू ड्रायव्हर?"

"त्यो. कायमचा."

धनेश घुटमळला. "तुला काय करायचाय?"

"उलट इचारतोस?"

शेजारची सुचिता स्वतःच्या गालांवर चापट्या मारू लागली. "दे रे बाबा, दे! गल्लीवर कोप आनशील!"

धनेशने स्क्रू ड्रायव्हर आईच्या पायाशी ठेवला.

"आता पाकिटातला नवा घ्यायचा. खाचेत नीट बसंल तोच लावायचा, हाताला आला तो नाय. आनि नटाला पक्कड लावतोस, ते पन मला दिसतंय."

"पाकीट देवीला कसं..." धनेश पुटपुटला.

"गप. आधी मेन स्विच बंद, मंग पॅनेलला हात. बोल."

"आधी मेन बंद. मंग हात."

"मोठ्यानं!"

धनेश ओरडला. बायकाही त्याच्यामागून ओरडल्या. कमळी घुमायची थांबली, भिंतीला टेकून पाणी प्यायली आणि तिने विचारलं, "काय झालं?"

धनेशने कपाटावरून पाकीट काढलं, धूळ झटकली आणि ते पाटावर ठेवलं. अर्पिताने त्याला कुंकू लावलं. जुना स्क्रू ड्रायव्हर तिने देव्हाऱ्यात, टाकांच्या मागे ठेवला. आता त्याला हात लावायची हिंमत धनेशमध्ये नव्हती. तिच्यातही नव्हती.

दुपारी अर्पिता मोरीत भांडी घासत होती. सुचिता मागच्या दाराने आत आली आणि कमळीच्या शेजारी फतकल मारून बसली.

"काकू," ती हळूच म्हणाली, "आमचे हे हेल्मेट घालत नायत. रोज बाईकवर तसेच जातात, बोडके. उद्या देवी जरा आमच्या ह्यांच्याकडं बघंल काय?"

कमळी मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"उद्या नाय जमायचं," ती म्हणाली. "तुझ्या आधी दोघी हायेत."