कोपऱ्यातला लेथ

पिशवीतला शेवटचा हार ग्राइंडरला घातला आणि वैजयंताने पिशवीत पाहिलं. कोपऱ्यातल्या लेथसाठी हार उरलाच नव्हता.

खंडेनवमीची पूजा होती. वर्कशॉपमधलं प्रत्येक मशीन धुऊनपुसून, हळदकुंकू लावून सजलं होतं आणि ज्याच्या त्याच्या मशीनपाशी जो तो नवे कपडे घालून उभा होता. कोपऱ्यातल्या लेथपाशी इंगवले.

ऑर्डरी आटल्यापासून मालक घायकुतीला आले होते. तो लेथ विकायचा, इंगवलेंना घरी बसवायचं, पण दसरा होईपर्यंत कुठे ब्र काढायचा नाही, असं त्यांनी सुपरवायझर म्हणून फक्त तिला बजावलं होतं. तेव्हापासून ती तोंड शिवून वावरत होती. इंगवलेंशी मुद्दाम हसून बोलत होती. आज सकाळी फुलवाल्याकडून हार घेताना मात्र तिच्या मनाने तो लेथ केव्हाच विकून टाकला होता.

आता सगळे कोपऱ्याकडे पाहत होते. मालकांच्या हातातला नारळ तसाच राहिला.

इंगवलेंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मीच सांगितलं होतं मॅडमना, यंदा माझ्या लेथला हार मी आणतो म्हणून. गडबडीत घरीच राहिला बघा."

दाराच्या तोरणातला एक झेंडू तोडून त्यांनी लेथवर ठेवला. परतताना तिच्यापाशी क्षणभर थांबले आणि हलकेच विचारलं,

"दसरा झाल्यावर येऊ का नको, मॅडम?"