जोएल हॅस्लम कुठे जाणार?

"घरच्या माणसांपासून जपा," असं तो अधिकारी म्हणाला, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हसली होती ती ब्रॉनवेन.

हंगामाच्या सुरुवातीला ब्रॅकनशॉ क्लबात खेळाडूंच्या बायकांना चहाला बोलावतात. केक खाऊन झाल्यावर फुटबॉल संघटनेचा पेटिफर उभा राहिला. खेळाडूनं सट्टा लावायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कोण कुठल्या क्लबात चाललाय, कोणाचा गुडघा दुखतोय, असली आतली बातमीसुद्धा बाहेर बोलायची नाही, असं त्यानं बजावलं. "आईला नाही, बहिणीला नाही, केस कापणारीला तर नाहीच. ऐकणाऱ्यानं पैसे लावले तर शिक्षा तुमच्या नवऱ्याला."

"आमच्या जोएलवर कोण पैसे लावणार?" ब्रॉनवेन म्हणाली. "त्याची आईसुद्धा लावायची नाही."

आज तोच पेटिफर तिच्या घरी यायचा होता.

जोएल सँडमथच्या क्लबात जाणार, हे वर्तमानपत्रांनी छापूनच टाकलं होतं. वैद्यकीय तपासणीही झाली होती. फक्त सही बाकी होती. "कागदपत्रं अडलीत," एवढंच जोएल परत आल्यावर म्हणाला. मग परवा 'जोएल हॅस्लम कुठे जाणार?' यावरचा सट्टा बुकींनी एकाएकी बंद केला. कोणाला तरी आतलं काहीतरी कळलं होतं.

कोणामुळे, ते ब्रॉनवेनला शोधावं लागलं नाही. वर्तमानपत्रांत काही यायच्या आधीच तिनं सँडमथच्या एका पाळणाघराला फोन केला होता. चांगल्या पाळणाघरात जागा मिळत नाही, आणि त्यांची तान्ही फर्न अजून रांगतही नव्हती. पलीकडच्या बाईनं बापाचं नाव विचारलं. तिनं ते सांगितलं. "म्हणजे तो हॅस्लम? आमच्याकडे येतोय?" बाई किंचाळलीच.

हे तिनं जोएलला सांगितलं तेव्हा तो फर्नला छातीवर घेऊन सोफ्यावर पडला होता. हल्ली तो बराच वेळ तसा पडून असायचा. काल चढावर आल्यावर बाबागाडीसुद्धा त्यानं न बोलता तिच्या हातात दिली होती. सही लांबली म्हणून हिरमुसलाय, असं तिला वाटलं.

"पाळणाघर?" तो म्हणाला. "छे गं, त्यानं काही झालेलं नाही."

"तुला काय माहीत?"

"माहीत आहे. तू एवढंच म्हण, मी कोणाला काही बोलले नाही."

"आणि पकडले गेलो तर? बंदी येईल तुझ्यावर. मग कसलं सँडमथ आणि कसलं काय."

"आली तर आली. घरी बसेन, हिचे लंगोट बदलेन."

सरावाचा एक दिवस चुकला तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस. तो आपल्याला पाठीशी घालतोय, हे तिला कळलं आणि रडूच आलं.

दारावरची बेल वाजली तेव्हा जोएल बुटांच्या नाड्या बांधत होता.

"अरे, थांब ना तू!"

"त्यानं आधी तुला विचारायचंय. मी शेजारी बसलो तर म्हणेल, नवरा पढवतोय." त्यानं फर्नच्या टाळूवर ओठ टेकले. "आणि मी रोजचं चुकवलं तर गावात लगेच सुरू होईल, हॅस्लमला काय झालंय म्हणून."

तो मागच्या दारानं गेला.

पेटिफरनं चहा घेतला, बिस्किटाला हात लावला नाही. "या बदलीबद्दल कोणाकडे काही बोललात?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना!" तिचा आवाज चढला. कडेवरची फर्न दचकून रडायला लागली. तिला थोपटता थोपटता ब्रॉनवेनचा बांध फुटला. "मीच बोलले. पाळणाघरात. जोएलला यातलं काही माहीत नव्हतं. काय शिक्षा करायची ती मला करा, त्याचं खेळणं बंद करू नका हो."

पेटिफरनं पेन खाली ठेवलं. "मिसेस हॅस्लम, त्या बाईंनी कशावरही पैसे लावलेले नाहीत. सँडमथवर लावणारे सगळे वर्तमानपत्र वाचून लावणारे. त्यांच्यासाठी मी कशाला येऊ?"

"मग?"

"एकानं उलटं लावलं. हॅस्लम कुठेही जात नाही, यावर. सगळे पक्कं म्हणत असताना. तेही एवढे पैसे, की बुकी हादरला."

"कोण?"

"तुमचा दीर. डेन."

ब्रॉनवेनला हसू फुटलं. छातीवरचं ओझंच उतरलं. "डेन? अहो, तो कुत्र्यांच्या शर्यतीत लंगडा कुत्रा शोधून पैसे लावतो. त्याला काय कळतंय?"

"या वेळी कळलं होतं. काल त्यानं कबूल केलं. तपासणीहून परतताना गाडी तो चालवत होता. जोएलनं त्याला सगळं सांगितलं. तुम्हाला माहीत असेल असं मी धरून चाललो."

"काय माहीत असेल?"

"सँडमथच्या डॉक्टरांनी त्याला नापास केलंय. हृदयाचा स्नायू जाड झालाय. मोठ्या डॉक्टरांनी तपासेपर्यंत खेळायचं नाही, चार पावलं पळायचंही नाही. हृदय केव्हाही बंद पडू शकतं म्हणाले." त्यानं दाराकडे पाहिलं. "त्याच्याशीही बोलायचंय मला. कुठे आहे तो?"

ब्रॉनवेननं मागचं दार उघडलं. माळाकडे चढणारी पायवाट वळणापर्यंत रिकामी होती.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "माझ्या कडेवर ही आहे, तुम्ही लवकर पोचाल. वरपर्यंत जाऊन बघा हो त्याला. तो पळायला गेलाय."