गाडी तापायच्या आत

"ऑइल कवा बदललं?" बॉनेट उघडायच्या आधीच अर्जुनरावांनी विचारलं.

"परवाच," दयानंद म्हणाला. एवढं एक खरं होतं.

"आन् किती किलोमीटरला बदलता?"

"आठ हजार झाले की लगेच."

हे मात्र साफ खोटं. दयानंदच्या पिकअपचं ऑइल परवापर्यंत दोन वर्षांत एकदाही पूर्ण काढलेलं नव्हतं. कमी झालं की वरून लिटरभर ओतायचं आणि बदलल्याचं समाधान मानायचं, ही त्याची रीत. निलंग्यातल्या निम्म्या गाड्या अशाच चालतात, असं तो बायकोला, शिल्पाला, छातीठोकपणे सांगायचा. शेवटी इंजिन आतून खटखट वाजायला लागलं. सटवाजी मिस्त्रीनं खालून निघालेला काळा चिखल त्याला दाखवला आणि म्हणाला, "आता महिन्याभराचं पाव्हणं हाय हे इंजिन."

चालू गाडी म्हणून विकली गेली तर ठीक, नाहीतर भंगारात. म्हणून परवा सटवाजीनं दुकानातलं सगळ्यात दाट ऑइल तिच्यात भरून दिलं. आवाज दबला. "पर इंजिन तापलं की ऑइल पातळ होतंय," त्यानं बजावलं, "मग खटखट हायेच. दहा-पंधरा किलोमीटरच्या आत सौदा उरक."

आणि आज व्हॉट्सॲपवरची जाहिरात बघून अर्जुनराव दारात हजर झाले होते. साठी ओलांडलेली, अंगात पांढरा सदरा, बोलणं गोड. देवणीच्या पलीकडच्या खेड्यातले. आठवडी बाजाराला निलंग्यात आलो होतो, म्हणाले.

त्यांनी ऑइल बघायची पट्टी ओढून काढली, तेल दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं.

"लई दाट वाटतंय."

"नवं हाय न्हवं, मामा."

"हं," अर्जुनराव म्हणाले. दयानंदनं पट्टी घाईनं परत आत खोचली.

"चला, एक चक्कर मारू. पर रिकामी गाडी कुणीबी पळवतंय. मी लोड टाकून बघत असतो. माझी सहा पोती पेंड पडली हाय बाजारात, तीच टाकू."

दयानंदला उलट बरंच वाटलं. घ्यायची नसती तर एवढी बारकाईनं कोण बघतं? तो चावी घ्यायला आत गेला, तेव्हा शिल्पा हळूच म्हणाली, "खरं सांगून टाका त्यास्नी. वडलांच्या वयाचे हायत."

"आल्यावर सांगतो," तो म्हणाला. आल्यावर तो काहीच सांगणार नव्हता, आणि ते तिलाही ठाऊक होतं.

पोती चढली. पाच किलोमीटर गाडी गुमान पळाली. दयानंदनं वेग कमी केला.

"वळवू का, मामा?"

"वळवू की. पर चढाला कशी ओढती ते बघू."

चढ झाला. मग खड्ड्यांत कशी चालते ते बघायचं होतं. मग सरळ रस्त्यावर. दयानंदची नजर समोर कमी आणि तापमानाच्या काट्यावर जास्त होती. काटा वर सरकत होता. त्यानं गाणी लावली. अर्जुनरावांनी हात लांब करून ती बंद केली.

"इंजिन ऐकू द्या. तापल्यावरच गाडीचं खरं कळतंय बघा."

दयानंदच्या पाठीला सदरा चिकटला. भर उन्हात त्यानं काच वर घेतली, मोठ्यानं बोलू लागला. पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव, पोरांच्या शाळा, सुचेल ते. विसाव्या किलोमीटरला पहिली खट ऐकू आली. पंचविसाव्याला तिला सोबतिणी मिळाल्या. अर्जुनराव खिडकीतून शांतपणे शेतं बघत होते.

"मामा, लई लांब आलो. वळवू आता?"

"आता आलोच हाय देवणीजवळ. घरवालीला बी दाखवू की गाडी. तिनं पसंत केल्याबगर मी काय घेत न्हाई."

म्हणजे घेणार होते. या साध्या, भल्या माणसाच्या गळ्यात आपण हे धूड बांधणार, आणि महिन्याभरात तो रस्त्यावर डोकं धरून बसणार. दयानंदला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. देवणी मागं पडली तशी इंजिननं उरलीसुरली भीड सोडली. आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. त्यानं गाडी कडेला घेतली.

"मामा, एक सांगायचं हाय."

आणि त्यानं सगळं सांगितलं. दोन वर्षं वरून ओतलेलं ऑइल, काळा चिखल, दाट ऑइलची युक्ती, आठ हजारांची थाप. 

अर्जुनरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"खरं बोललास, लई बरं केलंस. आजकाल कोण बोलतंय? पर हितं कशाला थांबतोस? घर दोनच किलोमीटर राहिलं. चहा घे, मग बोलू."

दयानंदचे डोळे भरून आले. शिव्या खायची तयारी केलेल्या माणसाला चहा मिळत होता. शिल्पाला हे कसं सांगायचं, याची वाक्यं तो मनात जुळवू लागला. घर आलं, तसा तो गाडी चालूच ठेवून आधी खाली उतरला आणि अर्जुनराव नको नको म्हणत असतानाही सहाच्या सहा पोती पाठीवर घेऊन त्यानं ओसरीवर नेऊन रचली. प्रत्येक पोत्याबरोबर त्याला हलकं वाटत होतं.

आतून अर्जुनरावांची बायको, रुक्मिणबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं खटखटणाऱ्या पिकअपकडं बघितलं, घामाघूम दयानंदकडं बघितलं आणि नवऱ्यावर डाफरली.

"एसटी बंद झाल्यापासनं दर बाजाराला एकेक गाडी विकणारा असाच फिरवून आणता, पर एवढी खटारा गाडी आजवर आणली नव्हती बघा."