मागचं दार

पुढच्या सीटवर एक मावशी बसलेली दिसली, म्हणूनच ती त्या शेअर गाडीत मागे चढली. तिचं उतरायचं वळण मागे पडलं तरी गाडी थांबेना. तिने दार चाचपलं. आतलं हँडलच काढलेलं होतं. “घाबरू नकोस बाळा,” मावशी मागे न बघताच म्हणाली. हिने तोंडावर हात दाबला. “मला उलटी होतेय.” सीट खराब होईल म्हणून ड्रायव्हरने शिव्या देत उतरून दार उघडलं. ही जीव खाऊन पळाली ती थेट पंक्चरवाल्याच्या दुकानात. गाडी पुढे जाऊन थांबली. तिथे गाडीची वाट बघत ताटकळलेली एक मुलगी मावशीला बघून निर्धास्तपणे चढू लागली. हिने दुकानातून ते पाहिलं. त्याच गाडीकडे परत धावत जाऊन हिने मुलीचं मनगट धरलं. “ताई, चल, आई शोधतेय.” मुलीने तो थरथरता हात बघितला आणि उचललेला पाय मागे घेतला.