टिकटिकचे अकरा खंड

"सापडले! अहो, सापडले!"

तळघराच्या पायऱ्या दोन-दोन चढत ताई सभागृहात शिरल्या आणि छातीशी धरलेले जाडजूड खंड त्यांनी टेबलावर आदळले. पुढच्या रांगेतले तिघे शिंकले. नवे नियम शिकायला गावोगावचे एकतीस ग्रंथपाल आले होते, आणि शिकवणाऱ्या बाईच "आलेच" म्हणून पाऊण तास गायब!

नियम तसा साधा. मासिकानं नाव बदललं, की आजवर जुनी कार्डं फाडायची आणि सगळे अंक शेवटच्या नावाच्या एकाच कार्डावर चढवायचे. पुढच्या महिन्यापासून तसं चालणार नाही. प्रत्येक नावाची वेगळी नोंद, आणि तिच्यात लिहायचं: आधीचं नाव कोणतं, पुढचं कोणतं, कितव्या वर्षापासून. नमुन्याला ताईंनी घड्याळजींचं एक त्रैमासिक घेतलं होतं. पहिलं नाव 'लंबक', आताचं 'कालमापन'. खंड समोर ठेवून त्या फळ्यावर वर्षं मांडायला लागल्या आणि खडू हातातच राहिला. 'लंबक' तेविसाव्या वर्षी संपत होतं. 'कालमापन' सुरू होत होतं पस्तिसाव्या वर्षी. मधली अकरा वर्षं गेली कुठं?

अकरा! सव्वीस वर्षांपूर्वीच्या मोजणीत 'कालमापन'चे नेमके अकरा खंड गहाळ निघाले होते. ठपका आला विभागप्रमुख अण्णांवर. निवृत्तीला दोन महिने राहिलेले. ना हार, ना निरोपाचं भाषण. विकले असतील, असंही लोक बोलले. त्या दिवसापासून अण्णांनी ग्रंथालयाची पायरी चढली नाही. ज्यांनी ताईंना कार्ड धरायला शिकवलं, ते अण्णा!

म्हणजे मध्ये तिसरं एक नाव होतं, अण्णांच्याही काळाआधीचं, आणि जुनं कार्ड फाडताना ते नव्या कार्डावर कुणी चढवलंच नव्हतं. आणि ज्याला कार्ड नाही, तो गठ्ठा जातो तळघरात. ताई तडक तिकडंच धावल्या होत्या. सगळ्यात खालच्या फळीवर होता 'टिकटिक', वर्ष चोवीस ते चौतीस. एकही खंड कमी नाही.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा!" मागून एक टकले ग्रंथपाल ओरडले आणि सगळं सभागृह हसलं. टाळ्याही पडल्या. ताईंना हसू आवरेना आणि डोळेही थांबेनात. त्यांनी सगळ्यांसमोर फोन स्पीकरवर टाकला.

"अण्णा, मी बोलतेय! तुमचे अकराच्या अकरा खंड मिळाले! आपल्याच तळघरात होते, 'टिकटिक' नावाखाली!"

"टिकटिक होय..." चौऱ्याऐंशी वर्षांचा आवाज हसला. "बरं झालं पोरी. जीव भांड्यात पडला बघ."

"बरं काय झालं, अण्णा! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली यांनी! मी आजच वर लेखी कळवते. त्या वर्षी सगळी कार्डं नव्यानं टाइप झाली ना, तेव्हा ज्या गाढवानं न बघता जुनं कार्ड फाडलं, त्याचं नावसुद्धा शोधून काढते!"

"गाढव नको म्हणूस गं," अण्णा म्हणाले. "दिवसाला दोनशे कार्डं करायला दिली होती मी. एखादं सुटणारच."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग चौकशीत सांगितलं का नाहीत?"

"विचारलं ना त्यांनी, कार्डं कुणी फाडली म्हणून. मी म्हटलं, मी. माझी नोकरी संपतच आली होती. त्या पोराची लागून चार महिनेसुद्धा झाले नव्हते, पक्की व्हायची होती. काढूनच टाकलं असतं."

त्या वर्षी ग्रंथालयात नव्यानं लागलेलं माणूस एकच होतं, आणि फोन आत्ता तिच्याच हातात होता.