हक्काचं मत

दिवसभर दारं वाजवून दमलेला उमेदवार शेवटच्या घरात शिरला. पलंगावरच्या म्हातारीने त्याच्या हातातल्या पत्रकांकडे पाहिलं. "या, बसा. कोणत्या पक्षाचे तुम्ही?"

"कोणत्याच नाही, आजी. अपक्ष."

"माझा लेकही अपक्षच उभा आहे! एकाही पक्षाने विचारलं नाही त्याला. कार्यकर्ता म्हणाल तर एकटी बायको." त्याने पुढे केलेलं पत्रक तिने न बघताच परत दिलं. "रागावू नका हं, पण माझं मत त्यालाच."

"आणि तो पडला तर?"

"पडू दे. घरी तरी येईल! किती दिवस झाले, इकडे फिरकलाच नाही." तिने उशाजवळचा पाण्याचा पेला त्याच्यापुढे धरला. "घ्या, आणि आता घरी जा. तुमचीही आई वाट बघत असेल."

तो पाणी प्यायला आणि रिकामा पेला घेऊन स्वयंपाकघरात गेला. भाजी निवडणाऱ्या बायकोने मान वर केली. "आज तरी ओळखलं का आईंनी?"

 

"नाही," तो म्हणाला. "पण मत मलाच देणार आहे."